वारस कोणास म्हणावे?

गतवर्षी पेरणीच्या दिवसांत बिलोली तालुक्यातील एका खेड्यात आमचा मुक्काम होता. ज्या घरी आम्ही उतरलो होतो त्या घरचे बाबा ऐंशीच्या घरात आलेले, व त्यांचा थोरला मुलगा पंचावन्न वर्षांचा, केस पिकलेला, स्वतः नातवंडांचा आजा. रात्री जेवणे आटोपल्यावर मुलाने बापाजवळ सोयाबीनच्या बियाण्यासाठी पैसे मागितले. बाबांनी करदोट्यास बांधलेली किल्ली सोडली, लोखंडी पेटी उघडली, नोटा दोनदा मोजल्या आणि मागितले त्याच्या निम्मेच दिले. "बाकीचे उद्या बघू," असे म्हणून त्यांनी पेटी लावली. मुलगा काही बोलला नाही. मागाहून ओसरीवर आम्हांपाशी येऊन बसला व हळूच म्हणाला, "पंचावन्न वर्षे झाली, मी वारस आहे. मालक कधी होईन ते देवास ठाऊक. आणि होईन त्या दिवशी मला त्यातले काहीच येत नसेल."

त्याच्या ह्या शेवटच्या शब्दांनी आम्हांस त्या रात्री पुष्कळ वेळ झोप आली नाही. लोक वारसास भाग्यवान समजतात. न नांगरता त्यास शेत मिळते, न बांधता घर मिळते, व थोराघरचा असेल तर न लढता राज्य मिळते. परंतु जे मिळावयाचे आहे ते बापाच्या मरणानंतरच मिळावयाचे, आणि तोवर नुसते थांबावयाचे, ह्या स्थितीत मनुष्याचे काय होते? जन्माने जे पदरी पडते त्याबद्दल त्यास मान द्यावा काय? आणि ते हाताळता आले नाही तर दोष त्याचा, की ज्याने त्यास हाताळू दिले नाही त्याचा? ह्या प्रश्नांचा विचार करू लागताच आम्हांस एका राजपुत्राची आठवण झाली. त्याचे चरित्र बिलोलीकरांस परके नाही. कारण १९४८ सालापर्यंत बिलोली ज्या राज्यात होती, त्याच राज्याचा तो वारस होता.

हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान हे १९११ साली गादीवर बसले, तेव्हा त्यांचे थोरले पुत्र आझम जाह चार वर्षांचे होते. म्हणजे ज्या वयात आमची मुले विटीदांडू हाती घेण्याजोगीही झालेली नसतात, त्या वयात हे मूल सुमारे ८२ हजार चौरस मैलांच्या राज्याचे वारस ठरले. १९४१ सालच्या खानेसुमारीत त्या राज्याची वस्ती एक कोट त्रेसष्ट लाख भरली होती. मराठी, तेलुगू व कानडी बोलणारी ही सर्व प्रजा पुढे आपली होणार, एवढे त्या मुलास ठाऊक होते. ती आपली होण्यासाठी आपण काय केले पाहिजे, हे मात्र त्यास कोणी फारसे शिकविल्याचे दिसत नाही.

१९३६ साली ह्या राजपुत्रास 'वऱ्हाडचे युवराज' असा किताब मिळाला. ह्या किताबाची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. वऱ्हाड, म्हणजे अमरावती, अकोला, बुलढाणा व यवतमाळ हा प्रांत, निजामांनी १८५३ साली इंग्रजांच्या हवाली केला होता, व १९०२ साली तो वर्षास २५ लाख रुपये खंडाने कायमचा त्यांच्याकडे गेला. पुढे १९३६ च्या करारात इंग्रज सरकारने असे मान्य केले की, वऱ्हाडावरील स्वामित्व निजामांचेच आहे. परंतु कारभार पूर्वीप्रमाणे मध्यप्रांताबरोबर सरकारच चालवील. स्वामित्वाची खूण म्हणून निजामांच्या वारसास तो किताब देण्यात आला. इंग्लंडच्या राजाच्या थोरल्या मुलास 'वेल्सचा युवराज' म्हणतात, त्याच धर्तीवर हा किताब बेतला होता. म्हणजे युवराज वऱ्हाडचे खरे. पण वऱ्हाडातला एक तहसीलदार त्यांच्या हुकुमाने बदलत नव्हता, की एका विहिरीस त्यांच्या सहीने तगाई मिळत नव्हती. नाव मोठे व हातास काम नाही, ही वारसाची दशा ह्याहून स्पष्ट कोठे दिसावी?

ज्या इंग्लंडच्या नमुन्यावर हा किताब निघाला, तेथील वारसांची गोष्टही ऐकण्याजोगी आहे. व्हिक्टोरिया राणीचे पुत्र एडवर्ड हे १८४१ साली जन्मले आणि १९०१ साली, एकोणसाठाव्या वर्षी, राजे झाले. आईने राज्याची कागदपत्रे पुष्कळ वर्षे त्यांच्या दृष्टीस पडू दिली नाहीत. मुलगा गंभीर नाही, असे ती म्हणे. आणि गंभीर काम हाती न आल्यामुळे मुलगा शिकार, जुगार व मेजवान्या ह्यांत दिवस घालवी. आई मुलाच्या वागण्याकडे बोट दाखवी, व ते वागणे काही अंशी आईच्याच वागण्यातून उपजले होते. त्यांचे नातू दुसरे एडवर्ड हे १९१० पासून १९३६ पर्यंत युवराज होते. १९२१-२२ साली ते हिंदुस्थानात आले व हैदराबादेसही गेले. पंचवीस वर्षे वाट पाहून जे राज्य मिळाले ते त्यांनी वर्षही पुरे न होता, १९३६ च्या डिसेंबरात, सोडून दिले. कारण ज्या बाईशी त्यांस लग्न करावयाचे होते तीस राणी मानण्यास मंत्री तयार नव्हते. ज्या वर्षी एका युवराजास किताब मिळाला, त्याच वर्षी दुसऱ्याने मुकुट उतरून ठेवला.

उलट त्याच घराण्यातील चार्ल्स हे १९५२ साली, तीन वर्षांचे असता, वारस झाले व २०२२ साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, राजे झाले. सत्तर वर्षे थांबणे हे सोपे नव्हे. त्यांच्या आयुष्यात दोष नव्हते असे आम्ही म्हणत नाही. ते जगास ठाऊक आहेत. परंतु १९७६ साली आरमारातील नोकरी सोडल्यावर त्यांनी गरीब व बेकार तरुणांस उद्योगास लावण्यासाठी एक निधी काढला, व तो निधी आजही चालू आहे. राज्य हाती येईपर्यंत हात रिकामे ठेवलेच पाहिजेत असे नाही, एवढे तरी ह्यावरून सिद्ध होते.

आता पुन्हा हैदराबादेकडे वळू. आझम जाह ह्यांचे वडील त्या काळी जगातील सर्वांत धनवान पुरुष म्हणून गाजलेले होते. आणि स्वतःच्या राहणीत त्यांची काटकसर अशी की, तिच्या गोष्टी लोक अद्याप सांगतात. पुत्राचा हात मात्र सैल. खर्च वाढला, कर्ज झाले, व बापाचे मन विटले. अखेरीस १९५४ साली निजामांनी पुत्रास बाजूस सारून नातू मुकर्रम जाह ह्यांस आपला वारस नेमले. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी वृद्ध निजाम वारले, तेव्हा साठ वर्षांच्या बापादेखत तेहतीस वर्षांचा मुलगा गादीवर बसला. ज्याने त्रेचाळीस वर्षे वारस म्हणवून घेतले, त्याने आपल्याच मुलाचा गादीवर बसण्याचा समारंभ झालेला पाहिला. १९७० साली आझम जाह निवर्तले. हैदराबादेतील ज्या 'बेला व्हिस्टा' वाड्यात ते राहत असत, तेथे १९५७ पासून अधिकाऱ्यांस कारभार शिकविणारी संस्था चालते. ज्या घरातील धन्यास कारभाराची किल्ली कधी मिळाली नाही, त्याच घरात आज दुसरे लोक कारभार शिकतात, हे वाचून कोणाच्याही मनास चटका बसेल.

वाचकहो, ह्यात दोष कोणाचा? उधळपट्टी करणारा मुलगा निर्दोष होता असे आम्ही म्हणणार नाही. कर्ज काढणाऱ्याचा हात त्याचा स्वतःचाच असतो. परंतु बापाने पुत्रास मान दिला, वाडा दिला, किताब दिला. विश्वास मात्र दिला नाही. आणि विश्वासावाचून दिलेला मान हा मनुष्यास पोकळ करतो. बैलास वर्षभर दावणीस बांधून चारा घालावा, आणि मृगात तो नांगरास चालत नाही म्हणून त्यास मारावे, तशातला हा प्रकार होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बाप-लेक खर्चावरून एकमेकांवर रुसले होते, त्याच काळात ज्या गादीबद्दल हा सारा रुसवा, तिच्या खालची जमीन सरकत होती. प्रजेस जबाबदार राज्यपद्धती हवी होती, ती मिळत नव्हती. ऑक्टोबर १९४६ मध्ये आपल्या बिलोली तालुक्यात अर्जापूरनजीक गोविंदराव पानसरे ह्या कार्यकर्त्याची हत्या झाली. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामातील पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. पुढे सप्टेंबर १९४८ मध्ये हिंदी फौजा राज्यात शिरल्या, व १७ तारखेस निजामांनी शरणागती पत्करली. पानसरे कोणत्याही गादीचे वारस नव्हते. त्यांच्या नावाचे महाविद्यालय आज अर्जापुरास उभे आहे, व आसपासच्या खेड्यांतील मुले तेथे शिकतात. 'वऱ्हाडचे युवराज' हा किताब मात्र वऱ्हाडात कोणास विचारला तर आठवेल की नाही, ह्याची आम्हांस शंका आहे. मरणानंतर लोकांनी आपले म्हणून जपावे असे काही मागे ठेवणे, हे वारस असण्यावर अवलंबून नाही, हे ह्यावरून उघड होते.

नातवाचे पुढे काय झाले तेही सांगतो. मुकर्रम जाह इंग्लंडात शिकलेले, फौजी शिक्षण घेतलेले. यंत्रे खोलून जोडण्याची त्यांस मोठी हौस. पण हाती आले ते काय? १९७१ साली घटनेच्या २६ व्या दुरुस्तीने संस्थानिकांचे तनखे व मानमरातब बंद झाले. आजोबांनी मागे ठेवलेले नातलग, आश्रित व दावेदार ह्यांचे ओझे तेवढे राहिले. ते सारे सोडून ते ऑस्ट्रेलियात गेले व मेंढ्यांच्या कुरणाचे मालक झाले. २०२३ च्या जानेवारीत इस्तंबूल येथे त्यांचे निधन झाले, व त्यांचा देह हैदराबादेस आणून मक्का मशिदीत पुरण्यात आला. ह्याच घराण्याचे सुमारे दहा लाख पौंड १९४८ साली लंडनच्या एका बँकेत पाकिस्तानच्या वकिलाच्या नावे ठेवले गेले होते. ते कोणाचे, ह्याचा निकाल इंग्लंडच्या न्यायालयाने २०१९ साली, म्हणजे एकाहत्तर वर्षांनी, दिला. तोवर ती रक्कम वाढून सुमारे साडेतीन कोट पौंड झाली होती. आमच्याकडे बांधाच्या एका काकरीसाठी भाऊ-भाऊ वीस वर्षे कोर्टाची पायरी चढतात, तेव्हा आम्ही त्यांस अडाणी म्हणतो. राजवाड्यातही ह्याहून निराळे घडत नाही, एवढे त्यांनी समाधान मानावे. पण तो कित्ता गिरवू नये.

ह्या कथेत एक स्त्री आहे, तिचा विचार केल्यावाचून आमचा विषय पुरा होत नाही. आझम जाह ह्यांचे लग्न १९३१ साली फ्रान्सातील नीस गावी दुर्रुशेहवार ह्या राजकन्येशी झाले. तिचे वडील अब्दुल मजीद हे १९१८ पासून तुर्कस्तानच्या गादीचे वारस होते. ती गादी इस्तंबुलात, युरोपच्या काठावर होती. पण ते वारस असतानाच १९२२ साली ती गादीच मोडण्यात आली. त्यांस केवळ खलिफापद मिळाले, व १९२४ च्या मार्चात तेही काढून घेऊन त्यांस कुटुंबासह देशाबाहेर घालविण्यात आले. चित्रे काढणे हा त्यांचा आवडता व्यासंग होता, व परदेशात तोच त्यांच्या सोबतीस राहिला. १९४४ साली ते पॅरिस शहरी वारले. त्यांच्यासाठी आपल्या मराठवाड्यात, खुलताबादेजवळ, कबरीची एक इमारत बांधण्यात आली होती. परंतु त्यांचा देह तेथे कधी आलाच नाही, दहा वर्षांनी तो मदिनेस पुरला गेला. खुलताबादेस औरंगजेब बादशहा उघड्या आकाशाखाली साध्या मातीत निजला आहे. आणि जवळच ही घुमटाची कबर रिकामी आहे. मिळण्याची खात्री असलेली वस्तूही मनुष्यास मिळतेच असे नाही, हे सांगण्यास तीहून बोलकी साक्ष कोणती?

दुर्रुशेहवार ही दहा वर्षांची असता निर्वासित झाली. मुलगी असल्यामुळे बापाची गादी तिला कधीच मिळावयाची नव्हती. नवऱ्याची गादी नवऱ्यासही मिळाली नाही. तरी बापाच्या घरून तिने जे खरोखर आणले ते कोणी हिरावून घेऊ शकले नाही: अनेक भाषांचे ज्ञान, धीर, व मुलांच्या शिक्षणाविषयीची कळकळ. हैदराबादेत पुराणी हवेली भागात स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी तिच्या नावाचे रुग्णालय आहे. तिची जाऊ निलोफर हिच्या एका दासीचा बाळंतपणात मृत्यू झाला, तेव्हा असे मरण दुसऱ्या कोणास येऊ नये म्हणून तिने खटपट केली, व तिच्या नावाचे रुग्णालय आजही हैदराबादेत लहान मुलांस औषधोपचार देत आहे. निलोफर हिला मूल नव्हते. जगाच्या हिशेबी तिला वारस नाही. पण तेथून बरे होऊन जाणारे प्रत्येक मूल हे तिच्या दयेचे वारसच नव्हे काय?

येथे आमच्या मंडळ्यांतील बंधूंस एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आमच्यांत ज्यांस १९२५ चा उत्तराधिकाराचा कायदा लागू आहे, त्यांच्या घरी बाप मृत्युपत्र न करता वारल्यास विधवेचा तिसरा हिस्सा वजा जाता उरलेल्या मिळकतीत मुलगा व मुलगी सारखे वाटेकरी आहेत. हिंदूंच्या कायद्यातही २००५ च्या दुरुस्तीने मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. असे असता तलाठ्याकडे वारसनोंदीची वेळ आली म्हणजे बहिणीस माहेरी बोलावून, साडीचोळी करून, हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला जातो, आणि ती राजीखुशीने दिला म्हणते. कारण माहेरचे दार बंद होण्याचे भय तिच्या मनात असते. भयाने दिलेले दान हे दान नव्हे. ज्याला स्वतः वारस म्हणून वाट पाहण्याचे दुःख ठाऊक आहे, त्याने तरी दुसऱ्या वारसाचा वाटा गिळू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या घरच्या बाबांस ही सर्व हकीकत सांगितली. त्यांनी ती लक्ष देऊन ऐकली, व मग विचारले, "तुमचे म्हणणे पटते. पण मी किल्ली दिली आणि त्याने शेत विकले तर? मला घराबाहेर काढले तर?" हा प्रश्न पोकळ नाही. वडील जिवंत असता आपला वाटा मागून घेऊन दूर देशी उधळून टाकणाऱ्या धाकट्या मुलाचा दृष्टान्त आमच्या वाचकांस ठाऊकच आहे; आणि लिहून दिल्यावर आईबापांस गोठ्यात झोपावे लागले, अशी घरे आम्हीही पाहिली आहेत. म्हणून सर्व मालकी आजच लिहून द्यावी असे आमचे म्हणणे नाही. मालकी व काम ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कागद पेटीत असू द्यावा. पण एका शेताचा हिशेब मुलाच्या हाती द्यावा. बी कोणते घ्यावे, मजुरी किती द्यावी, माल केव्हा विकावा, हे त्याने ठरवावे. तो चुकेल. पण बापाच्या डोळ्यांदेखत चुकला तर सांगणारा कोणी आहे. बापाच्या मागे चुकला तर त्यास सांगणारा कोण? एक एकर चुकून तो शिकला, तर पुढचे दहा एकर वाचतील. निजामांस पुत्राचा हात सैल वाटला. पण तो हात आवळण्यास शिकविण्यासाठी त्यांच्यापाशी चाळीस वर्षे होती.

आणि जे वारस आहेत त्यांसही आमचे सांगणे आहे. बापाचे दिवस मोजू नका. जो मनुष्य दुसऱ्याच्या मरणाची वाट पाहतो, त्याचे स्वतःचे आयुष्य त्या वाटेतच सरते. पेटीची किल्ली नसली तरी बांधावरचे झाड लावण्यास, आपल्या मुलास हिशेब शिकविण्यास, शेजाऱ्याच्या अडीनडीस धावण्यास ती किल्ली लागत नाही. आझम जाह ह्यांस राज्य मिळाले नाही ह्याचे आम्हांस फारसे दुःख नाही. राज्ये येतात व जातात. दुःख ह्याचे की, साठाहून अधिक वर्षांच्या त्या आयुष्यातील केवढा तरी भाग, जे कधी आलेच नाही त्याच्या छायेत गेला.

खेडोपाडी मंडळीचे काम पाहणाऱ्या आमच्या बंधूंनीही हे आपणांस लावून पाहावे. पंचवीस वर्षे मंडळीची वही एकाच हाती असते, निधीची पेटी एकाच घरी असते, आणि तरुण पुढे येत नाहीत अशी तक्रारही त्याच घरून निघते. तरुणांच्या हाती वही द्या. रकाने चुकतील, तर शेजारी बसून सुधारा.

आम्ही निघालो तेव्हा बाबा ओसरीवर बसले होते. किल्ली करदोट्यासच होती, ती त्यांनी दिली नव्हती. पण ओढ्याकडच्या दोन एकरांत ह्या साली काय पेरावे, हे त्यांनी मुलास विचारले, आणि मुलगा उत्तर देण्यास क्षणभर चाचरला, कारण असा प्रश्न त्यास पूर्वी कोणी केला नव्हता. मग त्याने "तूर" म्हणून सांगितले. बाबांनी मान हलविली. आम्हांस वाटते, त्या घरात वारसा देण्याघेण्यास त्या सकाळी आरंभ झाला. ज्या घरांत तो अद्याप झाला नसेल, तेथील वडिलांनी पुढच्या पेरणीची वाट न पाहता आजच आपल्या मुलास, व मुलीसही, एखादा प्रश्न विचारावा.